गॅरेजचा कोबा

७ फेब्रुवारी २०२३, मंगळवार, सकाळी सव्वासहा वाजता मी गॅरेजचे शटर वर केले आणि झाडू हातात घेतला.

अनगोळातील आमच्या घराला खाली गॅरेज आणि वर राहण्याच्या खोल्या आहेत. बांधताना ही रचना शहाणपणाची वाटली होती. दिवाळीनंतर पत्नी जिन्यावरून पडली, खुब्याचे ऑपरेशन झाले, आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. तिचा भाऊ तिला सदलग्याला घेऊन गेला, कारण त्याचे घर बैठे आहे. तिला परत आणायचे तर खाली खोली हवी होती. खाली गॅरेजच होते. मागे न्हाणी आणि संडास होता, खिडकी होती, शटरच्या आत दारही बसवता येण्यासारखे होते. अडचण होती ती जमिनीची.

तिथे माझी जीप अनेक वर्षे उभी असे. मी ती नेहमी मागे घेऊन लावत असल्यामुळे इंजिन दारापाशी येई आणि गळणारे ऑइल तिथेच पडे. जीप विकली तरी दारापासून मध्यापर्यंतचा कोबा काळाच राहिला. आतला भाग स्वच्छ होता, पण जुन्या कोब्यातून सिमेंटची धूळ सुटत होती. म्हणून सगळ्या जमिनीला इपॉक्सीचा रंग द्यायचे ठरवले. आयुष्यभर मुलांना मोटारदुरुस्ती शिकवली असल्याने हे काम दुसऱ्याकडे देण्याचा विचार मनात आला नाही.

आदल्या आठवड्यात सगळा कोबा पातळ केलेल्या ॲसिडने घासून खरबरीत केला व धुतला. आतला भाग एकसारखा फेसाळला होता. डागावर ॲसिड नुसते फिरले, कारण तेलाखाली ते पोहोचलेच नाही. ऑइल आधी ओढून काढायला हवे होते. भाताचे तूस पसरून दाबून ठेवले तर ते ऑइल शोषते, हा आमच्या वर्कशॉपमधला जुना उपाय. बेळगुंदीला शेती पाहणाऱ्या धाकट्या भावाला मी एक पोते तूस आणायला सांगितले. तो सोमवारी संध्याकाळी आला, आम्ही पोते डागावर पसरले, वर फळ्या टाकल्या, आणि तो मुक्कामाला राहिला. आणलेला माल बारीक आहे हे मी पाहिले होते. बारीक असेल तर अधिक शोषेल, असे मला वाटले.

सकाळी तो थर झाडून काढला आणि परीक्षेसाठी तांब्याभर पाणी शिंपडले. आतल्या भागात ते लगेच मुरले. पुढच्या भागात ते अळूच्या पानावर राहावे तसे राहिले, आणि जिथे कधी ऑइल पडले नव्हते तिथेही राहिले.

भाऊ चहाचा पेला घेऊन खाली आला.

"अण्णा, ह्ये पाणी गोळं का व्हायलंय?"

"तू काय आणलेस?"

"कोंडा. ताजा हाय. काल गिरणीतनं पडलेला."

"मी तूस सांगितले होते."

"तूस भट्टीत घालत्यात, अण्णा. थोरल्या भावाच्या घरला तूस घिऊन येऊ? लोक काय म्हणतील?"

तुसाला गावात किंमत नाही. कोंडा म्हशीला घालतात, आणि त्याला भाव असतो. त्याने मानाने चांगला माल आणला होता. पण भाताच्या कोंड्यात तेल असते. गिरण्या ते काढून विकतात. आम्ही इंजिनाच्या तेलावर रात्रभर खाण्याचे तेल दाबून ठेवले होते.

"आता ह्यो म्हशीला चालंल का?" त्याने विचारले.

"नाही."

"मग तुझी जीप विकायला नगो हुती. तिनं खाल्ला असता."

त्या दिवशी रंग लागणे आवश्यक होते. मेहुणा शुक्रवारी पत्नीला गाडीतून आणणार होता, आणि रंगावर जड वस्तू ठेवण्यापूर्वी तेवढे दिवस जाऊ द्यावे लागतात. ती शुक्रवारी आली नाही, तर शनिवारी त्याच्याकडे गवंडी येणार होता. बहिणीच्या खोलीला लागून तो तिच्यासाठी न्हाणी बांधून घेणार होता. ती न्हाणी बांधली गेली की तिचे इकडे येणे संपले, हे मला, तिला आणि मेहुण्यालाही ठाऊक होते. बोलले कोणी नव्हते.

आम्ही पाणी तापवले, धुण्याचा सोडा आणि साबणाची पावडर टाकली, आणि तारेच्या ब्रशने पुढचा भाग घासला. जमिनीचा उतार रस्त्याकडे असल्याने घाण बाहेर गेली. पुन्हा घासले. चौथ्या वेळी पाणी मुरू लागले. पण आता कोबा ओला होता, आणि त्यावर पुन्हा ॲसिडचा हातही फिरवायचा राहिला होता.

"पंखा लाव आणि मार रंग," भाऊ म्हणाला. "खालचं कुणाला दिसतंय?"

"ओल्यावर मारलेला रंग सुटतो. सुटलेल्या कडेत तिच्या वॉकरचा पाय अडकेल."

मी सदलग्याला फोन लावला.

"झाला का रंग?" पत्नीने विचारले.

"नाही." कारण सांगितले.

"भावजींनी कोंडा आणला? जमिनीला?"

"हो."

"आणि तुम्ही पसरला?"

"हो."

"तुमच्यात मास्तर कोण हाय म्हणायचं?"

मागून मेहुण्याचा आवाज आला. "दाजी, घाई करू नगासा. शनवारी गवंडी यायलाय. आक्का हितंच ऱ्हाऊ दे."

"तू गप रं," ती त्याला म्हणाली. मग मला, "डाग दारापाशी हाय न्हवं? आतलं कसं हाय?"

"कोरडे आहे."

"मग आत रंग लावा आणि माझी खाट आत टाका. दारात मला काय नाचायचंय?"

नुसत्या कोब्यावर वॉकर चालतो. हे मला सुचायला हवे होते.

"तुम्ही कुठं झोपणार?"

"वर."

"रात्री हाक मारली तर ऐकू यील?"

मी विचार केला. "नाही येणार."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ओल तपासण्यासाठी आतल्या भागात रात्रभर चिकटवून ठेवलेला प्लॅस्टिकचा तुकडा मी उचलून पाहिला. खाली दमट नव्हते, आणि सकाळी शिंपडलेले पाणीही वाळले होते. मध्यावर सरळ रेषेत चिकटपट्टी लावली. रंगात हार्डनर मिसळला की तो घट्ट व्हायचा थांबत नाही, म्हणून भावाने थोडा थोडा कालवायचा आणि मी रोलर फिरवायचा असे केले. आधी भिंतीच्या कडा ब्रशने, मग मागच्या कोपऱ्यापासून दाराकडे. पुढच्या धुतलेल्या भागावर फळ्या टाकून बाहेर आलो. राखाडी रंग एकसारखा बसला. कुठेही फुगा आला नाही.

दुपारी जेवून भाऊ गावाला गेला. कोंड्याचे रिकामे पोते त्याने झटकून काखेत मारले. "पुढच्या बारीला तूसच आणतो," म्हणाला. "पर पिशवीत घालून आणीन."

संध्याकाळी दुसरा हात दिला, चिकटपट्टी सोडवली, रोलर आणि ब्रश थिनरमध्ये धुतले. उंबऱ्यावर उभा राहून मी टेपने रंगवलेल्या भागाची रुंदी मोजली. कपाट दाराकडच्या कोब्यावर ठेवले तर जागा पुरत होती.

मग वर गेलो. आमच्या खोलीत दोन लोखंडी खाटा शेजारी शेजारी होत्या. आधी तिची उकलली, नंतर माझी. दोन्हींचे बोल्ट एका डब्यात टाकले, सांगाडे जिन्याच्या तोंडाशी भिंतीला टेकवले, आणि झोपण्यासाठी जमिनीवर सतरंजी अंथरली.