अष्टमीचं उधाण

रविवारच्या पोस्टमध्ये माझी एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. आमच्या महाडबद्दल लिहिताना मी लिहिलं होतं की अष्टमीला खाडीला उधाण येतं आणि पौर्णिमेला पाणी शांत असतं. खरं तर बरोबर उलट आहे... उधाण अमावास्येला आणि पौर्णिमेला येतं. अष्टमीला असतो तो भांग, म्हणजे सगळ्यात दुबळी भरती.

श्रीवर्धनच्या एका ताईंनी कमेंटमध्ये लिहिलं, "समुद्राला न विचारता लिहिलंत वाटतं!" मी हसले आणि पोस्ट एडिट करायला घेतली. मग हात थांबला. समुद्राला नाही, पण बाबांना विचारलं होतं. मला स्वतःला पौर्णिमाच आठवत होती... तरी खात्री नको का, म्हणून फोन केला आणि ते म्हणाले ते लिहिलं.

बाबा यात चुकतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लहानपणी दम्यामुळे माझी सुरुवातीची शाळा घरीच झाली, म्हणजे बाजारातल्या आमच्या कापडाच्या दुकानात. गिऱ्हाईक नसलं की बाबा फरशीवर खडूने नकाशा काढायचे. महाबळेश्वरहून उतरून पोलादपूरवरून आलेली सावित्री, रायगडाच्या बाजूने आलेली गांधारी, आणि खाली बाणकोटपर्यंत गेलेली खाडी. मधे एक ठिपका... तो आम्ही.

गाव इथेच का, तर भरतीवर येणारी गलबतं इथून पुढे जात नसत आणि घाट चढणारे बैल इथून निघत, असं ते सांगायचे. जवळच्या पाले गावच्या डोंगरातली लेणीसुद्धा त्याच जुन्या व्यापाराच्या वाटेवरची. माझा भूगोल आणि इतिहास दोन्ही त्या एका ठिपक्यातून सुरू झाले.

पण खरा धडा वेगळा होता. डोंगरात पाऊस कोसळत असताना खाली उधाण असलं, तर नदीच्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. ते बाजारात शिरतं. म्हणून पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला माल माळ्यावर आणि माणसं वरच्या मजल्यावर. ऊन पडलेलं असलं तरी! आमच्या घरी हे एखाद्या व्रतासारखं पाळलं जायचं.

आता दुकान बंद आहे. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहतात. गुडघे दुखतात म्हणून खाट खालीच, जिथे पूर्वी दुकानाची गादी होती तिथे. मी बेंगळुरूत, राजाजीनगरला भाड्याने राहते. त्यांना कितीदा म्हटलं इकडे या. त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुझ्या गावाला नदी नाही. माणसाने दिशा कशावरून ओळखायची?"

काल, बुधवारी, ऑफिसमधून आल्यावर त्यांना फोन लावला. घरमालकीण सरोजअक्का चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा घेऊन वर आल्या होत्या, त्या तिथेच बसल्या.

"बाबा, आज तिथी काय?"

"अष्टमी. माझी परीक्षा घेतेस होय गं?"

तिथी बरोबर होती. मला इतकं हायसं वाटलं...

"मग सगळं माळ्यावर चढवलंत का?" मी सहज, हसतच विचारलं.

"सकाळीच. तांदूळ, गाद्या, तुझ्या आईचा फोटो. आज वरच झोपतो, जिना चढवत नाही तरी. उधाण आहे ना! मग पौर्णिमेला सगळं खाली उतरवीन आणि खाली निवांत झोपेन."

मी म्हटलं, "बाबा, उलट... पौर्णिमेला उधाण. तुम्हीच शिकवलंत मला."

ते चिडले. "तिकडे कॉम्प्युटरवर बसून तू मला नदी शिकवणार?" आणि लगेच, अगदी हळू आवाजात, "बाय, गांधारी कुठल्या अंगाने मिळते गं आपल्याकडे? मघापासून आठवतोय."

मी सांगितलं. ते "हां, हां" म्हणाले आणि फोन ठेवला.

किती दिवस असं चाललं असेल? मी रोज फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच विचारते. दोन्हींना ते "हो" म्हणतात.

सरोजअक्कांचं मराठी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इथलं. उधाण वगैरे त्यांना ठाऊक नाही, पण माझा चेहरा त्यांनी बघितला होता. त्या म्हणाल्या, "खालची पुढची खोली रिकामीच आहे की. आण त्यांना इकडं."

"ते नाही यायचे, अक्का."

"सरी, बरं. मग तू जा. विचारत काय बसलीयस? स्वल्प खाऊन घे आधी."

कोकणात पाऊस सुरू झालाय. शेजाऱ्यांना आजच फोन करून सगळं सांगितलं, ते लक्ष ठेवतील. पण पौर्णिमेला बाबांना वर झोपा म्हणून सांगणं त्यांच्याने होणार नाही. बाबा त्यांनाच भरती-ओहोटी शिकवतील, आणि इतक्या ठामपणे शिकवतील की कदाचित त्यांनाही पटेल... मला पटलंच होतं.

श्रीवर्धनच्या ताई, तुम्ही ती कमेंट केली नसती तर मला हे कळलंच नसतं. तुमचे आभार कसे मानू, समजत नाही.

बाबा इकडे येतील की मी तिकडे राहीन, अजून माहीत नाही. डॉक्टर काय सांगतील तेही नाही. पौर्णिमेला मात्र त्यांचा हात धरून जिना मी चढवणार आहे.

बसचं तिकीट काढलंय. तिथी या वेळी कुणाला विचारली नाही, कॅलेंडर दोनदा पाहिलं. उद्या निघते... शुक्रवार, ज्येष्ठ शुद्ध दशमी.