आयडिया माझी, राग सरांवर

आंतोन सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले होते, तिसरं सीट भरायची वाट बघत. त्यांच्या मुलाचा फोन. "पप्पा गेले. सकाळी. हार्ट." एवढंच. मी रिक्षातून उतरले, मग कुठे जायचं तेच सुचेना, म्हणून परत त्याच रिक्षात बसले. रिक्षावाला वैतागला, "मॅडम, जाना है कि नहीं?" ... आज त्याला पाच आठवडे झाले. सर आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमचे कोच. मूळचे भाईंदरकडच्या किनाऱ्यावरच्या पालीचे, तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर जायचे, गुडघा गेल्यावर बोट सुटली आणि ते आमच्या मागे लागले. त्यांच्याबद्दल छान छान स्टेटस खूप जणांनी टाकलेत. मला एकच गोष्ट लिहायचीय, कारण ती सगळ्यांना चुकीची माहितीये आणि ती माझ्यामुळे चुकीची आहे.

अमारा आमची फॉरवर्ड. सिल्व्हर पार्कला राहते, आई चिपळूणची, बाबा नायजेरियाचे, आणि मराठीत भांडायला लागली की मला उत्तर सुचत नाही. भाईंदरच्या एका टूर्नामेंटला ती थ्रो टाकायला लाइनवर गेली की मागे बसलेली पोरं माकडासारखे आवाज काढायची. एकदा नाही, दर थ्रोला. सर आयोजकांकडे गेले तर ते म्हणाले, "मस्ती करतायत हो, लहान आहेत." त्या लहानांना दाढ्या होत्या! अमाराने गोल मारला आणि ती घरी गेली. मीच पेटले होते. मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले, बाहेरच्या देशातले प्लेयर वर्णद्वेषाच्या निषेधात मॅचआधी एक गुडघा टेकतात, कोणी मूठ वर करतं, अख्खं स्टेडियम शांत होतं... अंगावर काटाच आला. लगेच अमाराला वगळून नवीन ग्रुप काढला. वाढदिवसाला काढतो ना आपण, तसा. सरप्राइज! दहा जणी शिट्टीबरोबर गुडघा टेकणार. सरांना मेसेज केला. त्यांचा उलट एकच प्रश्न आला, "अमाराला विचारलं काय?" मी "हो हो सर" टाइप केलं आणि मोकळी झाले.

त्याच टूर्नामेंटची दुसरी मॅच. शिट्टी वाजली, आम्ही दहा जणी खाली. अमारा बॉलजवळ उभी. तिला आधी वाटलं कोणाची तरी लेस सुटलीय. मग ती मागे वळली, सगळ्यांना बघितलं आणि तिचा चेहरा... मी अजून तो चेहरा नीट आठवायचं टाळते. अख्ख्या ग्राउंडवर ती एकटी उभी होती. मागून आवाज आला, "अरे झुको झुको, महारानी आयी!" आणि पुन्हा ते माकडासारखे आवाज, आता दुप्पट. अमारा सरळ चालत बाहेर गेली, बॅग उचलली, गेली. आम्ही दहा जणींनी खेळून चार गोल खाल्ले.

संध्याकाळी सर म्हणाले, "चल." मी त्यांच्या बाइकवर मागे बसून सिल्व्हर पार्कला गेले, जिना चढले, हेल्मेट हातात. दार अमाराच्या आईने उघडलं. आत अमारा सोफ्यावर, टीव्ही बंद. आईने विचारलं, "हे कोणाच्या डोक्यातून आलं?" मी श्वास घेतला, तेवढ्यात सर म्हणाले, "माझ्या. पोरींना मीच सांगितलं. पोरीला विचारायला पायजे होतं, न्हाय विचारलं. चूक माझी हाय." अमारा उठून आतल्या खोलीत गेली. जिन्यात मी रडायला लागले तर सर ओरडले, "गप. तू तिची दोस्त हाय, मी कोच. कोचवर राग धरून पोरगी परत येते. दोस्तावर धरला तर येत न्हाय." आणि खाली उतरल्यावर, "सांग तिला कधीतरी. पण तू सांग."

अमारा आठवड्याने प्रॅक्टिसला आली. सरांशी मात्र एक महिना बोलली नाही. सर तिच्यासमोर उभे राहून मला सांगायचे, "तिला सांग, डावा पाय वापर." ती मला सांगायची, "त्यांना सांग, वापरतेय." सगळ्या हसायच्या. मी पण हसायचे, आणि सांगायचं उद्यावर ढकलायचे. मग एकदा सरांनी तिलाच विचारलं, "परत वराडले तर काय करायचं? तू बोल. तू बोलशील ते." ती म्हणाली, "मी बॉल पायाखाली धरणार. कोणी हलायचं नाही. ते थांबले की खेळू." सर म्हणाले, "पिवळं कार्ड मिळंल." "मिळू दे." महिन्यात ती सरांशी थेट बोलली ती ही पहिलीच वेळ.

पुढच्या मॅचला आवाज सुरू झाले. अमाराने बॉल पायाखाली घेतला, आम्ही होतो तिथे थांबलो. लाइनवर सरही दुखऱ्या गुडघ्यावर तसेच ताठ. रेफरीने खरंच वेळकाढूपणाचं कार्ड दिलं. ती हलली नाही. शेवटी समोरच्या टीमची गोलकीपरच पोरांवर खेकसली, "चुप बैठो ना रे, हमको खेलना है!" आणि पोरं चक्क गप्प झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी सर गेले.

गेल्या रविवारी प्रॅक्टिसनंतर मी अमाराला सांगितलं. एका दमात, सगळं, तो "हो हो सर" सुद्धा. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "एक महिना मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटच्या दोन महिन्यांतला एक. आणि तू मध्ये उभी राहून निरोप देत होतीस." मी हो म्हटलं. ती गोलपोस्टकडे निघून गेली. बऱ्याच वेळाने हाक आली, "इकडे ये, हे धर."

जाळी खाली फाटली होती. आमच्या गोलची जाळी सर स्वतः सांधायचे, मासेमारीच्या निळ्या दोरीने, त्यांच्या त्या लांबट सुईने. सुई किटबॅगमध्येच होती. मी दोरी ताणून धरली, अमाराने गाठ मारली, सुटली. परत मारली, परत सुटली. शेवटी बुटाच्या लेससारखी मारली तर तीही सुटली. शेजारीच सरांच्या गाठी, ओढल्या तरी हलत नाहीत. अमारा म्हणाली, "त्यांच्या बायकोला येत असेल." माझ्याकडे न बघताच म्हणाली, पण म्हणाली.

शनिवारी दोघी पालीला जातोय, गाठ शिकायला. मावशींना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोन करून आधी विचारलंय.