लोखंड बसलं की कमी, ताई बसली की जास्त

माझे भाऊजी वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकान, भंगारवाला, सोनार, धान्याचं गोदाम, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे त्यांचं जाणं-येणं असतं. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, त्यांत तपासणीची लोखंडी वजनं आणि हँडलला हत्यारांची पिशवी. एवढं ओझं घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? गाडी आहे तोवर धंदा आहे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

त्यामुळे गाडीचं ॲव्हरेज पडायला लागलं तशी भाऊजींची झोप उडाली. जी गाडी इतकी वर्षं लिटरला पंचावन्नच्या खाली आली नव्हती, ती चाळिशीवर घुटमळू लागली. इंजिन गेलं असेल तर एवढ्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

मी त्यांचा मेहुणा, एक गल्ली सोडून राहतो. पेट्रोल संपलं की टाकायचं, एवढंच माझं शास्त्र. पण भाऊजी पडले मापातले. "माणूस खोटं बोलेल, काटा बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. वयाच्या साठीत त्यांचा जवळचा चष्माही सुटला होता. काट्यावरच्या बारीक रेषा उघड्या डोळ्यांनी वाचायचे आणि मला डिवचायचे, "बघा मेहुणे, माझं वय उलटं चाललंय. तुमचं काय?"

आधी त्यांनी टायरमधली हवा तपासली. हवा कमी असली की गाडी चिखलातून चालल्यासारखी जड जाते म्हणे. हवा ठीक होती. मग चेन: ना सैल, ना ताठ. एअर फिल्टर झटकला, प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला. शेवटी गाडी फिटरकडे नेली. फिटरने इंजिनाला कान लावला, मागचं चाक खोललं आणि हात पुसत म्हणाला, "इंजिन चांगलं आहे काका. फक्त मागचे ब्रेकचे लायनर फार लवकर झिजलेत. मागच्याच खेपेला बदलले होते की."

"हल्ली लायनरच हलके येतात," भाऊजी म्हणाले आणि नवे बसवून घेतले. ॲव्हरेज तिथल्या तिथेच.

आता मात्र त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. टाकी बंद करून त्यांनी हँडलला एक छोटी बाटली टांगली आणि तिची नळी कार्बोरेटरला जोडली. बाटलीत पेट्रोल मापून नाही, सोनाराच्या काट्यावर तोलून. "पेट्रोल उन्हात फुगतं, वजन फुगत नाही," हे वर मला ऐकवलं. बाटली संपून गाडी थांबेल तिथवरचं अंतर बघायचं. रस्ता मात्र एकच, गोदामांच्या मागून जाणारा बाहेरचा. वारा पडलेला असेल तेव्हाच निघायचं.

एकटे गेले, ॲव्हरेज कमी. रविवारी नात पुढे टाकीवर बसून फिरायला जाते. तिला बाटलीवर लक्ष ठेवायचं काम दिलं. ती "संपलं, संपलं!" ओरडली ती नेहमीच्या निम्म्या वाटेतच. एवढीशी पोर, तिचं वजन ते काय! आणि सोमवारी ताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, कामावर सोडताना गाडी थेट पंचावन्नला जाऊन पोचली.

भाऊजी माझ्याकडे आले ते चप्पल न काढताच. "मेहुणे, ओझं वाढलं की ॲव्हरेज वाढतं. हे कसं?"

"ताईचा पायगुण," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या सीटवर बरोब्बर ताईच्या वजनाचं लोखंड दोरीने आवळून बांधलं. तिचं वजन त्यांना नेमकं कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही. काटेवाल्याशी संसार केला की काही गोष्टी लपत नाहीत. ताई दारात उभी राहून बघत होती. "लोखंडाला गजरा माळा आता," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

लोखंड घेऊन गाडी पुन्हा चाळिशीवर. ताई घेऊन पंचावन्न. लोखंड, चाळीस. ताई, पंचावन्न. वजन तेच, रस्ता तोच, गाडी तीच. खरं सांगतो, इतके दिवस मी या सगळ्याची टिंगल करत होतो, पण आता मलाही राहवेना. पाणी नेमकं कुठे मुरतंय? दोन्ही खेपांना मी स्कूटर घेऊन मागे जायचं ठरवलं.

पहिली खेप लोखंडाची. रस्ता सरळ आणि रिकामा, समोर कुत्रंसुद्धा नाही. तरी भाऊजींच्या गाडीचा मागचा लाल दिवा पेटलेला. मला वाटलं, वळणार असतील. कुठले वळतात! दिवा विझेचना. ब्रेकवर पाय ठेवून ते वर ॲक्सिलरेटर पिळत होते. इंजिन पुढे ओढतंय, ब्रेक मागे ओढतोय आणि मधल्या मधे पेट्रोल जळतंय.

दुसऱ्या खेपेला मागे ताई बसली. दिवा विझलेला. मी स्कूटर जवळ नेली तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. "खड्डा आहे, डावीकडून घ्या. आता मोकळा आहे, चला. पुढे गतिरोधक. बाई चाललीय कडेने. मोकळा, मोकळा." ती अशी सारखी बोलते, आणि आम्ही सगळे तिला त्यावरून हसत आलोय. मला चटका बसला तो तिथेच.

बाटली संपली आणि गाडी थांबली. मी पाहिलेलं सांगितलं. भाऊजी उखडले. "पंचवीस वर्षं गाडी चालवतोय. ब्रेकवर पाय ठेवून चालवायला मी काय शिकाऊ आहे?"

"भाऊजी, समोर गोदामावर पाटी आहे. काय लिहिलंय?"

ते बघत राहिले. डोळे बारीक केले, मान वाकडी केली. "पाटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

ताईने पाटी वाचून दाखवली. हळू आवाजात, पूर्ण.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी उलगडा केला. मोतीबिंदूच्या एका प्रकारात लांबचं धूसर होत जातं आणि काही काळ जवळचं उलट स्वच्छ दिसायला लागतं. म्हणजे ज्या बारीक रेषा वाचून भाऊजी वय उलटं चालल्याचं सांगत होते, तीच दुखण्याची खूण होती. ज्याचं पोट रोज काट्यावर डोळे लावून चालतं, त्याला दुसरं काय वाटणार? ऑपरेशन साधं आहे, डॉक्टर म्हणाले, होतील बरे.

पण त्या सकाळी, गोदामामागच्या रस्त्यावर, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. भाऊजी गाडीला टेकून उभे होते. मला वाटलं, धंद्याची काळजी लागली असेल. मी म्हणालो, "काळजी करू नका, मी सोडत जाईन तुम्हाला दुकानांत. वजनं माझ्या स्कूटरवर बसतील."

त्यांनी ते ऐकलंच नाही. "पायाला कळलं होतं," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाही हे मला कळलं नाही, पण पायाला कळलं होतं. म्हणून तो ब्रेक सोडत नव्हता."

"असू द्या हो," ताई म्हणाली. "मी असते ना मागे."

"रविवारी नसतेस."

ताईचा चेहरा उतरला. रविवारी ती घरी असते. रविवारी टाकीवर नात असते आणि बाटलीचा तो एक रविवार सोडला तर भाऊजी तिला घेऊन भरल्या बाजारातून जातात. ॲव्हरेज सगळ्यात कमी आलं होतं ते त्या बाटलीच्या रविवारीच, रिकाम्या रस्त्यावर. पायाने त्या दिवशी ब्रेक जवळजवळ सोडलाच नसणार.

भाऊजींनी टाकीवर, नात बसते तिथे, हात ठेवला. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं आणि मला भीती वाटली. "इंजिन गेलेलं परवडलं असतं गं," ते ताईला म्हणाले.

मग त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "नातीला सांगतो, गाडीचं काम निघालंय, या रविवारी फिरणं नाही."

"गाडीवर कशाला ढकलता?" ते म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे. आजोबांचं काम निघालंय म्हणून सांगा."