मी गाळलेल्या दोन ओळी

फोन आला तेव्हा मी तिरुवैयारूत होते, गाण्याच्या शिकवणीत. शेजारच्या मामींनी एवढंच सांगितलं, "अण्णा गेले, लगेच ये." बसमध्ये तंजावूरपर्यंत मला रडू आलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं... आणि त्याचीच लाज वाटत राहिली. त्याला आता पाच आठवडे झाले.

अण्णा माझा थोरला भाऊ, एका तमिळ दैनिकाचा बातमीदार. श्रीलंकेत यादवी पेटली होती त्या वर्षांत तो कितीदा तरी समुद्र ओलांडून गेला, कधी परवानगीनं, कधी कोळ्यांच्या नावेतून. परत आला की युद्धाबद्दल चकार शब्द नाही, माझ्या सांबारात चिंच कमी पडली यावर मात्र तासभर बडबड. सगळं असायचं ते वह्यांत. आमच्या तंजावुरी मराठी घरांत देवनागरी फारशी कुणाला येत नाही. वाणसामानाच्या यादीपासून पत्रापर्यंत मराठी लिहायची ती तमिळ अक्षरांत. मी लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढली म्हणून हे तरी लिहिता येतंय. अण्णाच्या वह्याही तशाच. झडती घेणाऱ्याला अक्षरं लागायची, अर्थ काही लागायचा नाही. "आजीची भाषा दोन्ही बाजूंना पुरून उरली बघ गे," असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली, उजवा हात गेला. समजायचं मात्र सगळं. त्याच सुमारास चेन्नईचे एक दिग्दर्शक आले. त्यांना यादवीतल्या पत्रकारावर चित्रपट करायचा होता, तोही अण्णावर. वह्या वाचू शकेल अशी घरात मी एकटीच उरले होते. रोज दुपारी त्याच्या खाटेशी बसून मी वाचायची, मग तमिळमध्ये सांगायची. तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी शेवटची वही निघाली. त्यात होतं, तिकडच्या एका शाळेतल्या मंगै टीचरनं अण्णाला अकरा दिवस आपल्या घरात लपवलं होतं. निघायच्या दिवशी तीही किनाऱ्यावर आली होती. पुढे लिहिलं होतं, 'नाव भरली. टीचरला म्हटलं, पुढच्या खेपेला नेतो. पुढची खेप नाही, हे मला ठाऊक होतं.'

परक्या माणसासमोर माझ्या भावाबद्दल हे मी कसं सांगू? मी सांगितलं, "टीचरला नावेत घेऊन तो इकडे आला." अण्णा डाव्या हातानं खाटेची दांडी बडवायला लागला. दिग्दर्शकांना वाटलं, आठवणीनं कढ आला. त्यांनी डोळे पुसले. मी अण्णाचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "शांत हो रे." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. नंतर कुठल्याही दिवशी मी त्यांना फोन करू शकले असते. नाही केला. भित्री मी, दुसरं काय.

चित्रपट गाजला. टीचरचं नाव आणि गाव तेवढं त्यांनी खरं ठेवलं होतं. लोक घरी येऊन अण्णाला शाल पांघरवायचे, तो डाव्या हातानं ती ओढून टाकायचा. मग एके सकाळी कॅनडाहून एका बाईंचा फोन आला. स्पीकर चालू होता. "मी मंगै टीचरची मुलगी. लहानपणीच मावशीबरोबर इकडे आले. तुम्ही आईला नावेतून आणलंत ना? मग ती कुठंय?" अण्णाच्या घशातून आवाज निघाला, शब्द निघेना. मी म्हणाले, त्यांना बोलता येत नाही. "मग मीच येते," ती म्हणाली. आठ दिवसांनी अण्णा गेला.

ती गेल्या आठवड्यात आली. तिला मी अण्णाच्या खोलीत नेलं आणि खोटं मी बोलले, तो नाही, हे आधी सांगितलं. मग वही उघडून त्या ओळी वाचल्या, आधी मराठीत जशाच्या तशा, मग तमिळमध्ये, या वेळी काहीही न गाळता. ती रडली नाही, मला रागावलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या दिवशी आई कुठली साडी नेसली होती, ते लिहिलंय का?"

वहीत ते नव्हतं. अण्णाला विचारावं म्हणून मी सवयीनं खाटेकडे वळले... तिथे टीचरची मुलगी बसली होती.