तारेने आलेलं पुणं

"उजवीकडे! अरे, पुणं निसटलं, पुणं निसटलं, परत फिरव!"

बेंगळूरला चामराजपेटातल्या आमच्या गल्लीत उभे राहून अप्पा गच्चीकडे तोंड करून ओरडत होते. ओरडणं कन्नडात होतं, मी मराठीत लिहितोय एवढंच. आवाज असा, की पार गावाबाहेर होसकोट्याच्या कारखान्यांतले कामगार पाळी सुटली समजून डबे घेऊन बाहेर पडले असतील. वर केबलवाला पाण्याच्या टाकीवर एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने आपली डिशची छत्री ढकलत होता. छत्री एवढी अवाढव्य, की तिच्यात एक लग्नाची पंगत बसली असती आणि वाढप्यांना फिरायला जागा उरली असती.

गल्लीने तिच्यावरून टीव्हीची चॅनेलं घेतली होती. आम्हाला हवा होता फक्त पुण्याचा रेडिओ. उपग्रहावरून चित्रांबरोबर लांबलांबच्या रेडिओ केंद्रांचे आवाजही खाली येतात, हे मला केबलवाल्यानेच सांगितलं होतं. वेगळी तार ओढून तो ते आमच्या जुन्या रेडिओत सोडणार होता, आणि त्याचे महिन्याला वेगळे पैसे घेणार होता.

आई उंबऱ्यात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकवत होती, की अप्पा कामाला होते त्या गिरणीला कुलूप लागून आठ महिने झाले, दूध अर्ध्यावर आणलं, आणि हा माणूस वारा विकत घेतोय. बेंगळूरचा रेडिओ फुकट बोलतो, तो काय मुका आहे?

तिचं बरोबर होतं. पण हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं होतं.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत पुण्याचा एक मुलगा आला. कॉम्प्युटरच्या कंपनीत नवा लागलेला, ओळखीचं कुणी नाही, प्रसादाचा द्रोण घेऊन खांबाला टेकलेला. माझी धाकटी बहीण वाढत होती. ती त्याला म्हणाली, "स्वल्प थांब की. खीर येतीय आता. बेगा बेगा खाऊन पळायचं नाही इथं." तो जो हसला, तो तीनदा खीर घेऊनच थांबला. त्यानंतर आठवडाभर ती दूध आणायला जातानाही वेणीत फूल माळत होती.

पुढच्या रविवारी त्याने मला गाठून सरळ विचारलं. दिवाळीनंतर त्याची आई येणार होती, तेव्हा मुलगी बघायला घरी आणू का? "हो" म्हटलं असतं तर काम झालं होतं. पण एका शब्दात थांबेन तर मी कसला? मी म्हटलं, आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इथे आले, तेव्हापासून आम्ही मराठी लोणच्यासारखी तेलाखाली ठेवलीय, एक कन्नड शब्द आत शिरू दिलेला नाही. पुण्याची बिघडली असेल, आमची अस्सल. तो म्हणाला, मग आईला फारच आवडेल, ती भाषेबाबत फार काटेकोर आहे.

घरी येईपर्यंत मला आमची खरी मराठी आठवली. आमच्या घरात सकाळ "ऊटा काय करायचं", म्हणजे जेवायला काय, इथून सुरू होई आणि रात्र "सरी, झोपा आता", म्हणजे बरं, झोपा, इथे संपे. मी अप्पांना सगळं कबूल केलं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांना करायला काही नव्हतं. ते ताडकन उठले, जणू पाळीचा भोंगा झाला.

अशी ती तार आली, बहिणीला पुण्याचं बोलणं शिकवायला. सकाळच्या बातम्यांपासून शेतकऱ्यांच्या कार्यक्रमापर्यंत बहीण वही घेऊन रेडिओपाशी बसू लागली. कोथिंबीर निवडता निवडता ती कांद्याचा बाजारभाव आणि कोकणातलं हवामान पुटपुटायची. आधी आम्ही हसलो. एक दिवस तिने आईला विचारलं, "भोजनास किती अवधी आहे?" तेव्हा आईच्या हातातली पळी खाली पडली. मग तिचा "की" गेला, "स्वल्प" गेला. जन्मभर अप्पांना "तू" म्हणणारी पोर "तुम्ही" म्हणू लागली. अप्पांना तर आपण गिरणीचे मालक झाल्यासारखं वाटलं, निदान कुलपाची किल्ली तरी हातात आल्यासारखं. आम्ही हसायचं कधी थांबलो, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतर मायलेक आले. बाई चांगल्या होत्या, उगीच मिजास नाही. बहिणीने चहा पुढे केला आणि म्हणाली, "आपला प्रवास सुखकर झाला असेल, अशी आशा आहे." प्रत्येक शब्दाला इस्त्री. प्रत्येक वाक्याआधी बातम्या देतात तसा एक लहानसा विराम. मुलगा तिच्याकडे बघत होता, मग दाराकडे, जणू अजून एक मुलगी आत यायची राहिलीय. मी वातावरण सैल करावं म्हणून म्हटलं, "ऊटा करूनच जावा की." बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात थुंकलो होतो.

पंधरा दिवसांनी मुलगा एकटाच मी काम करायचो त्या चष्म्याच्या दुकानात आला. मी विचारलं, आई नको म्हणाल्या का?

"आई हो म्हणाली," तो म्हणाला. "मीच नाही म्हटलं. गणपतीत बोलत होती ती कुठे गेली?"

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. ती आहे, घरातच आहे, रेडिओची तार तेवढी काढायची, आणि खोटं बोललो तो मी. मी तोंड उघडलं. पण जन्मभराची सवय, तोंडातून आलं, "आमच्या घरात असंच बोलतात." त्याने मान हलवली, काउंटरवरचा एक चष्मा उचलून परत ठेवला, आणि गेला.

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द न वाढवता. ती स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे तिने ऐकलं. रेडिओ विदर्भात थंडी वाढेल म्हणत होता. अप्पांनी तो बंद केला.

त्याच आठवड्यात गिरणीच्या फाटकावर कागद लागला, की कुलूप आता उघडणार नाही. दुसऱ्या दिवशी केबलवाला पुढच्या महिन्याचं विचारायला दारात आला. अप्पांनी त्याला थांबवलं आणि आत बहिणीला लाडाच्या नावाने हाक मारली, "पुट्टी, तार ठेवायची का ग?"

ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"काढून टाका, अप्पा," ती म्हणाली. "मला आता सगळं पाठ आहे."