लुगड्याला बांधलेला मोर्चा

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मी एकदाच बुडालो, आणि तेव्हा समोर पोलीस नव्हते.

प्रश्न माझ्या बहिणीच्या, कुसुमच्या लग्नाचा होता. गिरगावातल्या सदानंद नावाच्या कारकुनाचं स्थळ आलं होतं. मुलगा बरा, घराणं बरं. पण मी विचारलं, मोर्चाला येता का, तर गृहस्थ म्हणतो, "ऑफिस असतं हो." ऑफिस! इथे दिल्लीवाले अख्खी मुंबई आमच्या हातून काढून घ्यायला निघालेत आणि यांना हजेरीची काळजी! असला जावई आपल्या लालबागच्या चाळीत चालणार नाही, असं मी वडिलांना साफ सांगितलं. ते गिरणीतून दमून आलेले. म्हणाले, एक दिवस त्याच्याबरोबर काढ, मग तू म्हणशील तसं. (कुसुमने माझ्याशी बोलणंच टाकलं. तिला तो पसंत होता.)

म्हणून मी सहल काढली. पलीकडच्या किनाऱ्याजवळ एक ओसाड बेट आहे. माणूस नाही, विहीर नाही, नुसते खडक आणि झुडपं. तिथवर होड्या वल्हवत जायचं आणि मुक्काम ठोकायचा. कारकुनाची रग जिरवायला याहून चांगली जागा नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे गेलो. प्रचारातला माझा जोडीदार दत्तू, त्याच्या ओळखीच्या कोळ्याने दोन अरुंद होड्या दिल्या. एकीत मी, दत्तू आणि आमचे आणखी दोन कार्यकर्ते. दुसरीत सदानंद, कुसुम आणि दोघांच्या मध्ये भिंतीसारखी बसलेली आमची आत्या.

आमची होडी हलेना, कारण प्रत्येकाचं वल्हं वेगळ्या वेळी पडायचं. ताल हवा म्हणून मी घोषणा सुरू केली. मी म्हणायचं, "संयुक्त महाराष्ट्र," आणि बाकीच्यांनी "झालाच पाहिजे" म्हणताना जोर लावायचा. कल्पना उत्तम होती. पण इतक्या सभा गाजवलेले आम्ही! "झालाच पाहिजे" म्हटलं की मूठ आपोआप वर जायची, आणि मुठीत वल्हं! म्हणजे जोर लावायच्या नेमक्या क्षणी सगळी वल्ही आभाळात, होडी जागच्या जागी आणि पाणी आमच्या डोक्यावर.

"मेल्यांनू, वल्हा पाण्यात मारतत, आभाळात नाय," पुढून आत्या म्हणाली.

सदानंदची होडी मात्र सरळ चालली होती आणि तो अवाक्षर बोलत नव्हता. माझा संताप झाला. निदान एक तरी घोषणा द्या, असं मी त्याला सुनावलं.

"दोन्ही एकदम जमत नाही मला," तो म्हणाला.

बघा, असे लोक! तेवढ्यात दत्तूचं मत पडलं की आवाज कमी पडतोय. म्हणून पुढच्या घोषणेला आम्ही चौघे उभे राहिलो. (अरुंद होडीत चौघांनी एकदम उभं राहू नये, हे आमच्या कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.)

नाकातोंडातलं पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर आम्ही पालथ्या होडीला लोंबकळत होतो आणि वल्ही, तांदूळ, तंबू बेटाऐवजी भलतीकडे निघाले होते. सदानंद मागे फिरला. आत्याने गाठोड्यातून दुसरं नऊवार लुगडं काढलं, सदानंदने एक टोक आपल्या होडीला आणि एक आमच्या होडीला बांधलं, आणि लालबागचा लढाऊ मोर्चा गिरगावच्या कारकुनाने हिरव्या लुगड्याने बेटावर ओढून नेला.

संध्याकाळी सदानंदचाच कोरडा पायजमा घालून, त्याच्याच होडीतली भाकरी खाऊन, मी खडकावर उभा राहिलो आणि स्थळ नापसंत असल्याचं जाहीर केलं. मुद्दे बिनतोड होते.

कुसुम उठली. "दादा, मुंबईचं मुंबईकरांना विचारा म्हणतोस. माझं मला विचारलंस? मग तुझ्यात आणि दिल्लीत फरक काय?"

असा प्रश्न माझ्याच कार्यकर्त्यांसमोर! मी ताठ मानेने म्हणालो, होऊन जाऊ दे मतदान. स्थळ पसंत असेल त्यांनी हात वर करा. कुसुमचा हात गेला, आत्याचा गेला, दोन्ही कार्यकर्त्यांचे गेले. मी दत्तूकडे पाहिलं.

"असं बघू नको रे," हात वर करत दत्तू म्हणाला. "पाण्यातून काढलंय त्याने."

सदानंद तटस्थ राहिला. विरोधात एक मत पडलं, तेही मीच टाकलेलं. जनतेचा कौल घ्या म्हणून मुंबईभर घसा फोडत हिंडणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा कौल घेतला, आणि तो लागताच सदानंदच्या पायजम्याची नाडी सावरत पहिलं वाक्य बोललो, "मतं पुन्हा मोजा."