आईनं केलेला दिवाळीचा बाजार

त्या दिवशी आई पहिल्यांदाच कापडाच्या दुकानाची पायरी चढली... साठ सालानंतरची गोष्ट. आमचं गाव तापीकाठचं प्रकाशा. दिवाळी तोंडावर आलेली आणि नेमका वडिलांचा पाय मुरगळला.

तोवर घरातली सगळी खरेदी वडीलच करायचे. तशी ती होतीच कितीशी! धान्य-डाळी शेतातल्या, दूध-तूप घरचं. बाहेरून यायचं ते मीठ, रॉकेल आणि दिवाळीला कापड... एकाच छापाचं अख्खं ठाण. त्यातून आम्हा तिघी बहिणींचे फ्रॉक, उरलेल्यातून उशांचे अभ्रे. आमच्या अंगावरचं आणि उशीवरचं फूल एकच असायचं!

त्या वर्षी मात्र आई शेजारच्या काकूंना घेऊन एस.टी.नं शहाद्याला गेली. संध्याकाळी परतली, गाठोडं सोडलं... आणि आम्ही बघतच राहिलो. मला हिरवं, मधलीला गुलाबी, धाकटीला पिवळं!

वडील खाटेवर पडून होते, ते उठूनच बसले. "ठाण का बरं नही लयनी? उरेल कापड कामले येस ना!"

आम्हाला वाटलं, आता हे परत जाणार. मी माझं हिरवं कापड छातीशी घट्ट धरलं.

एरवी त्यांच्यापुढे शब्द न काढणारी आई शांतपणे म्हणाली, "पोरीस्ले कोणता रंग आवडस, हाई तुम्हले ठाऊक शे का?"

वडिलांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकीकडे, नीट... मग हसायलाच लागले. "नही बुवा!"

पुढच्या दिवाळीला बाजाराला निघताना त्यांनी आम्हा तिघींना बोलावून रंग विचारले. मग चुलीपाशी जाऊन आईला म्हणाले, "आनी तुले व?"

इतक्या वर्षांत आईला हे कुणी विचारलंच नव्हतं... पदराआड हसत ती म्हणाली, "जांभया रंग."

पुढे घरात सायकल आली, रेडिओ आला, खर्च वाढत गेले. पण काही घ्यायचं तर आधी घरातल्यांना विचारायचं, ही रीत पडली ती तेव्हापासून... आणि त्यासाठी मी दोघांचीही ऋणी आहे.

त्या दिवाळीत जांभळं लुगडं नेसून आई पणत्या लावत होती... आणि वडील तेलाची वाटी धरून उगाचच तिच्या मागे मागे फिरत होते.